देवीला समन्स

माझ्या वडिलांना गाऱ्हाणं घालायचं व्यसन होतं. इतरांच्या वडिलांना तंबाखूचं असतं, तसं.

गाऱ्हाणं ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मालवणी मुलखात कुठलंही काम सुरू करायचं, तर घरातला वडीलधारा नारळ हातात घेऊन देवाशी मोठ्याने बोलतो. देवाला आधी त्याच्या अधिकारांची आठवण करून द्यायची, मग आपलं काम सांगायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर होतात तसंच, फक्त इथे विरोधी पक्ष नसतो.

गिरणी बंद पडल्यावर वडील विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर लागले, पण त्यांची खरी नोकरी गाऱ्हाण्याचीच. चाळीत नवा फ्रीज आला तरी त्यांना बोलावणं यायचं. “बा देवा म्हाराजा, ह्या फिरिजाचा लायटीचा बिल कमी येवंदे.” “व्हय म्हाराजा.” माझ्या बारावीच्या निकालाआधी त्यांनी गॅलरीत उभं राहून अख्ख्या मजल्यासमोर माझ्या गणिताची परिस्थिती देवाच्या कानावर घातली. त्या दिवशी मी दोन शपथा घेतल्या. एक, मी आयुष्यभर विज्ञानवादी राहीन. दुसरी, गाऱ्हाण्याचा नारळ कधी हातात धरणार नाही. गणितात मी नापास झालो, हे विज्ञानाच्या बाजूने धरलं.

पुढे मी सरकारी नोकरीत परिविक्षा अधिकारी झालो. नाव भारी आहे. काम म्हणजे लोकांच्या घरी जाऊन चौकशी करणं, कोर्टात हजर राहणं आणि दोन्हीकडे चहा पिणं. बदली होत होत मुलुंडच्या एका शासकीय महिलागृहात येऊन पडलो. कामाचं आमिष दाखवून मुंबईत आणून विकलेल्या मुली पोलिसांनी सोडवल्या की कोर्टाच्या आदेशाने आमच्याकडे येतात. घरची नीट चौकशी होऊन कोर्टाचा हुकूम निघेपर्यंत राहतात.

त्यात सोलापूरकडची एक मुलगी होती. वय वीसच्या आसपास. नकला करण्यात पटाईत. मी फायल काखेत धरून, एक खांदा पाडून कसा चालतो, हे तिने करून दाखवलं की सगळ्या मुली हसून लोळायच्या. मी स्वतः पाहिलं आणि तेव्हापासून फायल हातात धरतो. तिला गावाकडून ‘मावशी’ म्हणवणाऱ्या एका बाईने आणलं होतं. साड्यांच्या दुकानात कामाला लावते म्हणाली आणि विकून मोकळी झाली. ती मावशी तुरुंगात होती, खटला उभा राहिला होता, आणि गावातून मुंबईपर्यंत मावशीनेच आणलं, हे सांगू शकणारी एकच साक्षीदार म्हणजे ही मुलगी.

आणि ही मुलगी मावशीचं नाव घेत नव्हती.

बाकी सगळं बोलायची. सरकारी वकील बाईंना तिने त्यांच्याच चालीची नक्कल करून दाखवली होती. पण “तुला कोणी आणलं?” असं विचारलं की तोंडाला कुलूप. कारण शेवटी आमच्या समुपदेशक बाईंनी काढून घेतलं. गाडीत बसायच्या आधी मावशीने तिला गावाच्या वेशीवरच्या देवीपुढे नेलं होतं. ताटातला भंडारा उचलायला लावला आणि वदवून घेतलं: काहीही झालं तरी माझं नाव घेणार नाही, घेतलं तर देवी धाकट्या बहिणीला बघून घेईल.

धाकटी बहीण गावी. दहावीला. आणि खटला फसला तर मावशी सुटून पुन्हा त्याच गावात जाणार, त्याच बहिणीच्या दाराशी. बोललं तर देवी बहिणीला धरणार, गप्प राहिलं तर मावशी. रोज सकाळी ती मुलगी दात घासता घासता या दोघींचा हिशेब मांडत बसायची. तेवढ्या वेळात मात्र ती कोणाची नक्कल करत नसे.

“हे मी बघतो,” मी म्हणालो. विज्ञानवादी ना.

स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला आणि तिच्यासमोर बसलो. बाकीच्या मुली तमाशा बघायला गोळा झाल्या. मी म्हणालो, “भंडारा म्हणजे काय? हळद. आमटीत असते ती. हळद कोणाचं काय वाकडं करणार? बघ.” आणि हळदीचा एक भरगच्च चमचा तोंडात टाकला.

कोरडी हळद चमचाभर कोणी खाल्ली असेल, तर पुढचं सांगायला नको. मी जो ठसका घेतला तो संपेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून हळद, शर्टावर पिवळा शिडकावा. एक मुलगी पाणी आणायला धावली, दुसरी पाठीत गुद्दे घालत होती. मी खोकतोय आणि ती सोलापूरची हात जोडून शांतपणे म्हणाली, “दाखवलं बगा तिनं.”

दुसऱ्या दिवसापासून तिच्या नकलांच्या यादीत माझ्या ठसक्याची भर पडली.

समुपदेशक बाई माझ्याच वयाची. घाटकोपरची, बौद्ध कुटुंबातली, जिभेला धार. तिने माझे पिवळे दात बघितले आणि म्हणाली, “अरे, आमच्या घरात देवच नाहीत. आजोबांनी सगळे पाण्यात सोडले. त्यामुळे मला या भानगडीतलं काही कळत नाही. पण एवढं कळतं की भीती चमच्याने खाऊन संपत नाही.”

“मग काय करायचं?”

“तुमचे देव, तुम्हीच निस्तरा.”

तेवढ्यात वरून आदेश आला. मानवी तस्करी रोखण्यासाठी सर्व धर्मांच्या गुरूंना सोबत घ्या, जनजागृती सभा घ्या. वास्तविक याच खात्याचा आधीचा आदेश आमच्या अधीक्षक मॅडमच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता: संस्थेच्या आवारात कोणताही धार्मिक विधी करू नये. म्हणजे धर्माला गेटबाहेर मिठी मारायची आणि गेटच्या आत ओळख दाखवायची नाही. मॅडम पार्ल्याच्या. नियम म्हणजे नियम. त्या म्हणाल्या, “सभा घाटकोपरला हॉलमध्ये घ्या. इथे नको.”

घेतली. गुरुजी, मौलाना, फादर आणि भन्ते, चौघेही वेळेवर आले; उशीर झाला तो सरकारी पाहुण्यांना. सगळ्यांनी मिळून प्रतिज्ञा घ्यायची, हा माझा कार्यक्रम. मी उत्साहाने म्हणालो, “हात पुढे करा.” गुरुजींनी उजवा हात पुढे केला, मौलानांनी छातीवर ठेवला, फादरनी दोन्ही हात जोडले आणि भन्ते मांडीवर हात ठेवून मंद हसत राहिले. फोटोत असं दिसतं की चौघांना चार वेगवेगळे प्रश्न विचारलेत.

पण चहाच्या वेळी मी माझा खरा प्रश्न काढला. मुलीची ओळख न देता विचारलं, भीती घालून घेतलेली शपथ मोडली तर पाप लागतं का?

गुरुजी म्हणाले, “कपटाने वदवून घेतलेलं वचन बांधत नाही.” मौलाना म्हणाले, “जबरदस्तीची कसम ही कसमच नाही.” फादर म्हणाले, “पाप वदवून घेणाऱ्याचं.” भन्ते म्हणाले, “जे बोलल्याने दुसऱ्याचं दुःख थांबतं, ते बोलावं.” आणि चौघांनी एकाच बशीतली खारी उचलली. इतकं एकमत मी आमच्या कार्यालयात कधी पाहिलेलं नाही.

मी उडतच मुलुंडला आलो. मुलीला गाठलं. “चारही धर्म एका बाजूला आहेत. शिवाय कायदा. शिवाय महाराष्ट्र शासन. ती शपथ रद्द आहे.”

तिने सगळं मन लावून ऐकलं. म्हणाली, “समद्यांचं पटतंय सर. पण देवीला इचारलं का?”

मी फायल या हातातून त्या हातात घेतली.

“शपथ तिच्यापुढं घेतली. ती सोडवायची तर तिनं. ह्या लोकांच्या हद्दीत ती येती का?”

हे वाक्य मी पोलीस ठाण्यांत आयुष्यभर ऐकत आलोय. आमची हद्द नाही, पलीकडच्या ठाण्यात जा. देवांचीही हद्द असते हे मला त्या दिवशी कळलं. तिला गावी देवीपुढे न्यावं, तर साक्ष होईपर्यंत कोर्टाची परवानगी मिळणं कठीण, आणि मावशीची माणसं तिथेच. तारीख पुढच्या सोमवारची.

“गावाला न जाता देवीशी बोलायची काही सोय आहे का?” समुपदेशक बाईने विचारलं. ती मजेत विचारत होती. पण अशी सोय आहे हे आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वडील विक्रोळीच्या गॅलरीतून थेट कणकवलीच्या देवाशी बोलायचे. नेटवर्कची अडचण त्यांना कधी आली नाही.

“एक आहे,” मी म्हणालो. “पण मी करणार नाही.”

“का?”

“शपथ घेतलीय.”

ती इतकी हसली की भिंतीचा आधार घ्यावा लागला. “म्हणजे तूही? वा. तिला सांगतोयस शपथ मोड, आणि तुझी?”

शनिवारी मॅडम वांद्र्याला मीटिंगला गेल्या. चटणीसाठी आणलेला नारळ मी स्वयंपाकघरातून उचलला आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ, सोलापूरच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. दिशा समुपदेशक बाईने मोबाइलवर बघून दिली. सगळ्या मुली मागे उभ्या राहिल्या. कोणी बंगालची, कोणी नेपाळची, कोणी आंध्रची. त्यांना सांगितलं, मी थांबलो की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

सोलापूरची माझ्या शेजारी. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडातून चक्क वडील बाहेर आले. तोच सूर, तोच हेल. “बा देवा म्हाराजा, बारा येशीच्या, बारा वाटांच्या मालका...”

“होय मोहाराजा,” बंगालची.

“आज ह्या चेडू तुझ्या पायाकडे उभा रवला हा...”

“व्हय म्हाराजा.” यावेळी सगळ्यांचा आवाज लागला. टाकीवरचे कावळे उडाले.

“ह्या लेकराच्या गावच्या देवीपर्यंत माझा बोलणा पोचव...”

“व्हय म्हाराजा.”

इथवर झकास. आणि इथेच माझी मालवणी संपली. वडील असते तर अर्धा तास बोलले असते. माझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. मागे सगळ्या वाट बघतायत, हातात नारळ, डोकं कोरं. अशा वेळी माणसाच्या तोंडी त्याच्या रोजच्या सवयीची भाषा येते. माझ्या तोंडी आली ती नोकरीची.

“तरी उपरोक्त देवीस कळविण्यात येते की,” मी त्याच सुरात म्हणालो, “सदर मुलीकडून दबावाखाली शपथ घेण्यात आलेली असून...”

“व्हय म्हाराजा.”

“...सदर प्रकार आपल्या समक्ष घडलेला असल्याने...”

“व्हय म्हाराजा.”

समुपदेशक बाई ओढणी तोंडात कोंबून थरथरत होती. मला थांबता येईना. गाडी उतारावर होती. “...सबब आपण येत्या सोमवारी सकाळी ठीक अकरा वाजता कोर्टात साक्षीकामी जातीने हजर राहावे.”

“व्हय म्हाराजा.”

“कसूर केल्यास...”

आणि अडकलो. कसूर केल्यास देवीवर कोणती कारवाई करणार? वॉरंट काढणार? सगळं अंगण श्वास रोखून.

“कसूर केल्यास,” मी हळूच म्हणालो, “तुझी मर्जी गे माये.”

“होय, महाराजा.” हा आवाज मागून आला. एकटा, स्वच्छ, शुद्ध, थेट विलेपार्ल्याचा. मॅडमची मीटिंग रद्द झाली होती.

मुली पांगल्या. मी नारळ पाठीमागे लपवला. नारळ हा लपवण्यासाठी केलेला पदार्थ नव्हे.

“संस्थेत धार्मिक विधी?” मॅडम म्हणाल्या.

“विधी नव्हता मॅडम. समन्स होतं.”

“समन्स काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

म्हणजे विधी म्हटलं तर नियमभंग, समन्स म्हटलं तर अधिकाराचा गैरवापर. मी धर्म आणि शासन या दोन्हींचा एकाच नारळात गुन्हेगार झालो होतो. मॅडमनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की, “संबंधित देवीस तारखेची माहिती देण्यात आली, पोच अप्राप्त.” त्यांनी वाचला, चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. नारळ मात्र परत मागितला. संध्याकाळी चटणी झाली.

मी मनातून खजील. एका घाबरलेल्या मुलीसमोर मी तिच्या देवीला सरकारी कारकुनासारखं बोलून आलो होतो. तिची माफी मागायला गेलो, तर ती पायरीवर बसून वेणी घालत होती.

“सर, येईल ती,” ती म्हणाली.

“कोण?”

“देवी. मावशीनं तिला नुसतंच पुढं ठेवलं होतं. नाव तिचं, बोलणं मावशीचं. तिला काय म्हणायचंय, कुणी इचारलंच न्हाय. तुमी बोलावलं. आता ती येणार म्हटल्यावर मला यायलाच लागंल की. ती कोर्टात बसणार आन् मी हितं वेणी घालत ऱ्हाऊ?”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की ते समन्स नव्हतं, माझी मालवणी संपली होती, एवढंच. समुपदेशक बाईने मागून माझा शर्ट ओढला आणि मला बाजूला नेलं.

“गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरं केलंयस. आता समजावून सांगून त्याची वाट लावू नकोस.”

सोमवारी निघताना मॅडम दाराशी वाटी घेऊन उभ्या. त्यांनी मुलीच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. माझी नजर भिंतीवरच्या आदेशाकडे गेली, ते त्यांनी बघितलं. “हा विधी नाही,” त्या म्हणाल्या. “न्याहारी आहे.”

कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. मुलगी एका टोकाला बसली, पलीकडे सोबतची महिला हवालदार. मध्ये जागा होती, तिथे मी टेकलो.

“सर, जरा सरका,” मुलगी म्हणाली. “तिची जागा हाय.”

मी उठलो. उभा राहिलो. अकरा वाजले. तिने शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि नकला करताना बसते तशी ताठ झाली. पुकारा झाला. साक्ष बंद दाराआड होती. आधाराला म्हणून समुपदेशक बाईला आत जायची परवानगी होती, मला नव्हती. दार लागलं.

मी बाकड्यासमोर उभा. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. बोलेल का? की मावशी समोर दिसल्यावर पुन्हा कुलूप? एक वकील आले, फायलींचा गठ्ठा सांभाळत, आणि त्या मोकळ्या जागेवर बसू लागले.

“तिथे नको,” मी म्हणालो.

“का? कोण आहे?”

“साक्षीदार.”

त्यांनी बाकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लांबच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. हवालदार बाईंनीही जरा अंग चोरून घेतलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. समुपदेशक बाई आधी आली. डोळे लाल, पण तोंडभर हसू. “बोलली. नाव, गाव, गाडी, सगळं. थांबेचना. शेवटी जज मॅडम म्हणाल्या, बाळा जरा हळू, टाइप करणारे मागे पडलेत.” मग तिचं लक्ष माझ्याकडे आणि बाकड्याकडे गेलं. “तू उभा का?”

“जागा धरलीय.”

“अरे, देवी तर आत गेली होती ना तिच्याबरोबर. इथे कोणाची धरलीस?”

विज्ञानवादी माणूस तरीही बाकड्यावर बसला नाही.

मुलगी बाहेर आली आणि थेट त्या मोकळ्या जागेवर धपकन बसली. कपाळावरचा घाम पुसला. “सर, फोन द्या. बहिणीला लावायचाय.”

मी लावून दिला. तिने स्पीकर चालू केला. “सांगितलं मी. व्हय, नाव घेऊन. तिच्या तोंडाकडं बघून.” पलीकडे आधी रडण्याचा आवाज, मग दोघी एकदम बोलायला लागल्या आणि कोणालाच काही कळेना. मी खिडकीकडे वळलो, कारण मला अचानक सर्दी झाली होती.

“तू बरी हायस ना?” मुलीने फोनमध्ये विचारलं. “काय झालं न्हाय ना तुला?”

“मला काय धाड भरलीय?” पलीकडून धाकटी म्हणाली. “शाळेत चाललेय. सराव परीक्षा हाय. अक्का, तू परवा फोनवर म्हणालीस ते, देवीला बोलावणारे सर हायत का गं तिथं?”

“हायत की. समोरच उभे हायत.”

“त्यांना इचार, दहावीच्या गणिताचं गाऱ्हाणं घालतात का.”

मुलीने फोन माझ्यापुढे धरला. आता तिच्या चेहऱ्यावर नकलेच्या आधी येतं ते हसू होतं. समुपदेशक बाईने ओढणीचं टोक आधीच तोंडात धरलं होतं. मी गणितात नापास झालेला माणूस आहे, हे सांगावं असं एकदा मनात आलं. पण व्हरांड्यातले सगळे माझ्याकडेच बघत होते. मी इकडेतिकडे बघून हातात काहीतरी घ्यावं म्हणून पाण्याची बाटली घेतली, आणि घसा साफ केला.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” हवालदार बाई म्हणाल्या. त्या सावंतवाडीच्या निघाल्या.